पाठुंगळी

९ नोव्हेंबर, पंचवटी

महेश दादा,

आधीच माफी मागते. शुद्धलेखन चुकणार आणि मी टाइप पण लय हळू करते. मोबाईल नानांचा आहे. ते मार्केटवरून येऊन जेवायला बसले की तेवढ्यात लिहायचं. ऱ्हस्व दीर्घ मला शाळेत होते तेव्हाच जमलं नाही, आता कुठून जमणार. मोबाईल स्वतःच शब्द पुढे करतो, जो करेल तो मी घेते. मघाशी आई लिहायला गेले तर आईस्क्रीम आलं. ते पुसलं.

लिहायचं कारण वेगळं काही नाही. सुरतहून बहिरूकाका आले होते, ते बोलले की तुझी पण पाठ धरते, टेम्पोतून उतरलास की जरा वेळ वाकडाच चालतोस. तर डॉक्टर कधी मणक्याचा एमआरआय काढा म्हणाले तर घाबरू नको, एवढंच सांगायचं होतं. मी कालच सगळं विचारून आले.

आपल्या आईचा काढायचा आहे म्हणून गेलो होतो. तसं आई ठीक आहे.

मुंबई नाक्याच्या पुढे एक सेंटर आहे. नाना बोलायला लाजतात आणि मी तर तुला माहीतच आहे. आम्ही दोघं काउंटरसमोर उभे राहिलो आणि आमच्या मागून आलेले चार जण पुढे जाऊन बसले. मग तिथल्या एक मॅडम आल्या, उज्वला मॅडम, मशीन त्याच चालवतात. त्या म्हणाल्या, “तुम्ही दोघं भांडून आलात का? कोणीच बोलत नाही.” आणि मग त्यांनी नीट सांगितलं.

त्यात रेडिएशन नसतं, एक्सरेसारखं. मोठा लोहचुंबक असतो आणि तो कायम चालू असतो, पेशंट नसला तरी. म्हणून आत लोखंडाचं काही न्यायचं नाही. पिन, चावी, मोबाईल, बेल्ट, काही नाही. हृदयात मशीन बसवलेलं असलं, डोक्यात क्लिप असली, कुठे सळई घातलेली असली तर आधी सांगायचं, लपवायचं नाही. तू मध्ये वेल्डिंगला जायचास ना, ते पण सांगायचं. डोळ्यात लोखंडाचा कण राहिला असेल तर तो आत सरकतो म्हणे. हे तुझ्यासाठी मी मुद्दाम दोनदा विचारलं.

बाकी दुखत नाही. नुसतं पडून राहायचं. आवाज मोठा असतो, कानात बोळे देतात. हातात रबराचा फुगा देतात, घाबरलं की तो दाबायचा, मग बाहेर काढतात. फक्त हलायचं नाही. हललं की चित्र पुसल्यासारखं येतं.

आईची डाव्या पायातली चप्पल निघून जाते आणि तिला कळत नाही. भाजी घेऊन येते तर एका पायात चप्पल आणि दुसरा पाय तसाच. परवा गल्लीतल्या पोरांनी चप्पल आणून दिली. डॉक्टर म्हणाले नस दाबली गेली आहे. ऑपरेशन लवकर केलं तर पाय राहील. पण कुठल्या मण्यात आहे ते दिसल्याशिवाय ते हात लावणार नाहीत. आणि म्हणाले, लघवी अडली किंवा बसायच्या जागेवर बधिर वाटलं तर सकाळची वाट न बघता उचलून आणा.

म्हणजे ठीक आहे असं मी वर लिहिलं ते तितकं खरं नाही. पुसत नाही, परत सगळं खाली सरकतं.

वेदिका


१३ नोव्हेंबर

दादा,

निळ्या खुणा दिसल्या, म्हणजे तू वाचलंस. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

काल आईचा एमआरआय झाला नाही. म्हणजे सुरू झाला, पण झाला नाही.

मी पहिल्यापासून सांगते. तिथे कपडे बदलायला लावतात, त्यांचा गाऊन देतात. आईने केसातल्या पिना काढल्या, कानातलं काढलं. मंगळसूत्र काढताना नानांकडे बघितलं, तर नाना दुसरीकडे बघायला लागले. मग माझ्या गळ्यात घातलं आणि लगेच परत काढून घेतलं, म्हणाली लग्नाआधी घालू नये, आणि नानांच्या खिशात टाकलं. जोडवी निघेनात. साबण लावून काढली. आईचा पाय मी हातात घेतला होता तर डाव्या पायाचं जोडवं निघाल्याचं तिला कळलंच नाही. “काढ की,” म्हणत होती.

मग एक पोऱ्या कागद घेऊन आला आणि घाईघाईत विचारायला लागला. ऑपरेशन झालंय का, नाही. शुगर, नाही. मग तो बोलला, “मावशी, अंगात काही आहे का?”

आई म्हणाली, “आहे.”

तो लिहायला लागला. “काय आहे?”

“सासू.”

तो हसला. त्याला वाटलं आई मस्करी करते. नाना हसले नाहीत, मी पण नाही, मग तो पण थांबला. उज्वला मॅडमना बोलावलं. त्या आईच्या शेजारी बाकावर बसल्या. “ताई, हा धातूचं विचारतोय. लोखंड, स्क्रू, तांबी, असलं काही. देवाधर्माचं नाही विचारत.”

“मला कळलं ते,” आई म्हणाली. “पण तुम्ही आतलं बघणार ना? मग आधी सांगितलेलं बरं. माझ्या पाठीवर त्या बसलेल्या आहेत. मशीनला त्रास व्हायला नको.”

मॅडमनी नानांकडे बघितलं. नाना म्हणाले, “आमची आई. वारली.”

दादा, तू घरात नसल्यामुळे तुला हे माहीत नाही. आई गेल्या वर्षापासून असंच म्हणते. दुखतं असं म्हणत नाही. सकाळी उठताना भिंतीला धरते आणि म्हणते, आत्याबाई, जरा सैल धरा, गळा आवळतोय. आजीला कशी पाठुंगळी घेऊन मोरीपर्यंत न्यायची, तशीच अजून वाकून चालते. हात पण मागे असतात, पायाखाली धरल्यासारखे. रिकाम्या हातांनी धरते.

बहिरूकाका म्हणाले वणीला नेऊन आणा, अंगारा लावा. आईच नको म्हणाली. म्हणाली, देवी नाही हो ती, घरातलंच माणूस आहे.

मॅडम हुशार आहेत. त्या म्हणाल्या, “बरं, सासूबाईंच्या अंगावर काही दागिना होता का?” आई म्हणाली, “नाही, सगळं काढून घेतलं होतं.” मॅडम म्हणाल्या, “मग चालेल.”

सोबत एक जण आत बसू शकतो. त्याला पण सगळं लोखंड बाहेर ठेवावं लागतं. माझ्या ड्रेसला सेफ्टी पिन होती ती मॅडमनीच काढली. मी पायाकडे स्टुलावर बसले आणि आईचं पाऊल धरलं. आईला आत सरकवलं. आधी काहीच नाही, नुसता पंखा. मग सुरू झालं.

दादा, तो आवाज कसला आहे माहिती आहे का? पत्र्यावर वाटी आपटल्यासारखा. आजी आईला बोलवायला वाजवायची, अगदी तस्साच. टण टण टण, मग थांबून परत. कानात बोळे होते तरी स्पष्ट ऐकू येत होता. मी मान वळवून बघितलं. बघण्यासारखं काय होतं तिथे, पांढरी भिंत.

आणि आईचे गुडघे वर आले. ती उठायला लागली. आत जागा नाही, कोपर धाडकन लागलं, पट्टा बांधलेला तरी उठतच होती. मॅडमनी बंद केलं. बाहेर काढलं तर आई घामाने भिजलेली, फुगा जसा दिलेला तसा मुठीत. दाबलेलाच नाही. ती घाबरली नव्हती दादा. ती निघाली होती.

मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “त्या आतून ‘आले, आले’ म्हणत होत्या. स्पीकरवर ऐकू येत होतं. कोणाला म्हणत होत्या?”

मी आईचा घाम पुसायला गेले.

थोड्या वेळाने परत करून बघितलं. टण टण सुरू झालं आणि परत आले आत्याबाई, आले. चित्र सगळं पाण्यात हललेलं आलं. भूल देऊन करू म्हणाले, पण त्याला दुसरे डॉक्टर लागतात, आईचं बीपी पण वर गेलेलं, आणि तारीख लांबची मिळत होती. पायाला तेवढा वेळ नाही.

आई रिक्षात म्हणाली, “वेदू, मी मुद्दाम नाही हलले गं. हाक आली की मी झोपून कशी राहू?”


१५ नोव्हेंबर

दादा,

आज एक मागायचं आहे. लगेच नाही म्हणू नको.

तुझ्या जुन्या मोबाईलमध्ये आजीचा आवाज होता. तू तिच्याशी बोलताना भरून ठेवायचास आणि मग तिलाच ऐकवायचास आणि ती म्हणायची ही कोण म्हातारी. ते अजून असेल तर पाठव. आजी काहीतरी साधं बोललेली असेल, बस, राहू दे, असं. मी मॅडमना विचारणार आहे, आईच्या कानात ते लावता येईल का. आजीनेच उठू नको म्हटलं तर ती उठणार नाही. दुसऱ्या कोणाचं ती ऐकत नाही. नाना परवा म्हणाले, अगं मेली ती, कशाला उठतेस. आईने दोन दिवस त्यांना ताट वाढलं नाही. मीच वाढते.

मला माहिती आहे तू का बोलत नाहीस.

रामकुंडावर दहाव्याला कावळा शिवत नव्हता. सगळे पिंडाकडे बघत उभे होते, कोण म्हणत होतं नातवाचं लग्न करू म्हणा, कोण म्हणत होतं वेदिकाला शाळेत घालू म्हणा. तेव्हा शेजारच्या भागीबाई बोलून गेल्या, “त्या दिवशी दुपारी वाटी लय वेळ वाजत होती हो म्हातारीची.” मी तेव्हा दुपारी आजीचं औषध आणायला गेले होते. नाना मार्केटला. घरात आईच होती. तू तिथेच, सगळ्यांसमोर, भिजलेल्या पायऱ्यांवर आईला विचारलंस, “तू घरात होतीस ना?” आई म्हणाली, “होते.” “ऐकू येत होतं?” “येत होतं.” “मग?”

आई पिंडाकडेच बघत राहिली. तू म्हणालास, “मारलंस तू तिला.” आणि ओल्या धोतरातच निघालास. कपडे पण नंतर बहिरूकाकांनी नेऊन दिले.

त्यानंतर काय झालं ते तू बघितलं नाहीस. कावळा नाहीच आला. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. आई घरी येईपर्यंत मागे वळून बघत होती. वळून बघायचं नसतं ना, पण ती बघत होती. आणि पायऱ्या चढताना अशी वाकली, जशी कोणाला पाठीवर घेतेय.

आईने सांगितलं नाही म्हणून मी सांगते. मी औषध घेऊन आले तेव्हा आजी गेलेली होती आणि आई जमिनीवर होती. ओट्याजवळ, पालथी. तिला वाटलं मी आजीकडे जाईन, पण मी आधी तिलाच उठवायला गेले. उठेना. कंबर धरलेली. मोरीकडून ओट्यापर्यंत ती सरपटत आली होती, फरशीवर ओला पट्टा होता तिच्या साडीचा. “आत्याबाईंना बघ आधी,” असं म्हणत होती. कोणाला सांगू नको म्हणाली. लोक म्हणतील आता निमित्त सांगते.

तू म्हणशील वेदू तेव्हाच का नाही बोलली. मी बोलते का कुठे? मला तर दुकानात सुट्टे परत मागता येत नाहीत.

रेकॉर्डिंग पाठव. मंगळवारी परत नंबर आहे.


१८ नोव्हेंबर, संध्याकाळ

दादा,

तू पाठवलं नाहीस. वाचलंस, पण पाठवलं नाहीस. असू दे. मोबाईल हरवला असेल.

आज झाला. नीट झाला.

सकाळी जाताना मी रिक्षात ठरवलं आणि तिथे गेल्यावर सगळं विसरले. मग आईला गाऊन घालून आत नेलं तेव्हा मी मॅडमच्या मागे गेले. काचेच्या अलीकडची त्यांची खोली असते तिथे. मला म्हणाल्या, “अगं, तू आईजवळ बस ना.” मी म्हटलं, नको. एवढंच आलं तोंडातून. मग बोट दाखवलं. त्यांच्या टेबलावर माईक असतो. मशीन मध्ये मध्ये थांबतं, तेव्हा त्या बटण दाबून पेशंटला सांगतात, आता परत आवाज होईल, हलू नका, छान चाललंय.

“तुला बोलायचंय का?”

मी मान हलवली.

“मग बोल की. पण आवाज सुरू व्हायच्या आधी. आणि घाबरवू नकोस त्यांना.”

दादा, मी कधी माईकमध्ये बोलले नाही. तुला ते आठवतं का, निबंधात मी लिहिलं होतं की माझी आजी दुपारी जपते. बाई म्हणाल्या, काय जपते, पैसे? सगळा वर्ग हसला. आजी झोपायला जप म्हणायची, मला वाटलं सगळेच म्हणतात. त्यानंतर मी वर्गात तोंड उघडायचं बंदच केलं. सगळे म्हणतात आजीसाठी शाळा सोडली. थोडी तशी पण सोडली.

मॅडमनी बटण दाबलं आणि माझ्याकडे बघितलं. काचेतून आईचे नुसते पाय दिसत होते. डावा पाय बाहेर कलंडलेला.

मी म्हणाले, “मंगल व. मी शे. उठू नको. माले काही नको. जप तू.”

ते माझ्या तोंडून आलं पण माझं नव्हतं. तो खरखर आवाज, शेवटी जरा वर जाणारा, आहेला शे म्हणणारा, सटाण्याकडचा. मी घरात कधीच तसं बोलत नाही. मला तो काढता येतो हे मला माहीतच नव्हतं. मॅडमनी पटकन माझ्याकडे वळून बघितलं.

स्पीकरवरून आई म्हणाली, “बरं.”

मग टण टण सुरू झालं. मी काचेला चिकटून उभी होते. गुडघे वर आले नाहीत. थांबलं, परत बटण. “उठू नको व. मी बरी शे. जप.” परत टण टण. मग दुसऱ्या तऱ्हेचा आवाज, घूं करून, मग परत वाटी. प्रत्येक वेळी मी तेवढंच म्हणाले. शेवटी शेवटी स्पीकरवर नुसता श्वास ऐकू येत होता. मॅडम म्हणाल्या, “झोपल्या त्या. बरेच जण झोपतात, पण ह्या झोपतील असं वाटलं नव्हतं.” आणि म्हणाल्या, “जप करायला सांगितलंस ते चांगलं केलंस. देवाचं नाव घेतलं की माणूस शांत होतो.”

मी हो म्हणाले.

आईला बाहेर काढलं तर तिच्या गालावर उशीची घडी उमटलेली. उठून बसली. कमरेला हात लावून बघितला, मग खांद्याला. म्हणाली, “उतरल्या.”

नाना म्हणाले, “कोण?” आईने त्यांच्याकडे असं बघितलं की ते मंगळसूत्र शोधायला लागले खिशात.

घरी आल्यावर मी जोडवी घालत होते तिच्या पायात. आई म्हणाली, “वेदू, आत्याबाई आल्या होत्या. झोप म्हणाल्या. आणि विचारत होत्या, महेश जेवला का.”

दादा, ते मी म्हणाले नव्हते. बाकी सगळं मी म्हणाले, ते नाही. झोपेत ऐकलं असेल तिने काहीतरी.

मी तिला सांगितलं नाही की मी होते. तिने विचारलं, तू कुठे बसली होतीस गं, पायाला हात लागला नाही तुझा. मी म्हणाले, तठेच. म्हणजे तिथेच म्हणायचं होतं.


२२ नोव्हेंबर

दादा,

रिपोर्ट आला. इंग्रजीत आहे. मी अक्षरं वाचत गेले तर त्यात सगळ्या मणक्यांबद्दल काही ना काही लिहिलेलं आणि मला वाटलं सगळीच पाठ गेली. डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट वाचून घाबरायचं नसतं. वय झालं की सगळ्यांच्याच मणक्यातल्या गाद्या झिजतात, तुझा काढला तरी काहीतरी निघेल. पेशंटला तपासायचं आणि मग चित्राशी जुळवून बघायचं. तुझा कधी काढलास तर तू पण नुसता रिपोर्ट वाचून बसू नको.

त्यांनी काचेवर चित्र लावलं. काळं पांढरं. आईचा कणा असा एकावर एक रचून ठेवलेल्या डब्यांसारखा दिसतो, आणि मागून एक दोरी जाते. खाली एका ठिकाणी दोरी एकदम बारीक झालेली. दोन मण्यांमधली गादी मागे सरकून तिच्यावर बसली आहे.

आई बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, “डॉक्टर, ह्यात कोणी बसलेलं दिसतं का?”

नाना खोकले.

डॉक्टर म्हणाले, “कोणी म्हणजे? गादी सरकलीय ताई. दाब दिसतोय.”

“दाब दिसतोय ना,” आई म्हणाली. “मग झालं.”

ऑपरेशनची तारीख दिली. आई बाहेर नर्सकडे गेली तेव्हा मी तिथेच थांबले. डॉक्टरांनी बघितलं, अजून काय. मी विचारलं. तुझ्यासाठी विचारलं. मी म्हटलं, दीड वर्षापूर्वी एकदा ही जमिनीवर पडली होती आणि कोणीतरी हाक मारत होतं. हिला तेव्हा उठता आलं असतं का?

त्यांनी परत चित्राकडे बघितलं. म्हणाले, “हे जुनं आहे एवढं दिसतं. एका महिन्यातलं नाही. तेव्हा पण दुखत असणार. पण त्या दिवशी उठता आलं असतं की नाही, ते ह्यात दिसत नाही बाळा. ह्यात नुसती हाडं दिसतात आणि नसा दिसतात.”

मी तुला खोटं लिहू शकले असते की डॉक्टर म्हणाले उठताच आलं नसतं. त्यांनी असं म्हटलेलं नाही.


१ डिसेंबर

दादा,

ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी आईला विचारलं, डावा अंगठा वर करा बरं. तिने केला. नर्सने बोटाने दाबून धरला तरी वर केला. नाना तिकडे खिडकीकडे तोंड करून उभे होते, मला वाटलं बाहेर काही चाललंय, तर नाही. पाय पूर्ण यायला महिने जातील, म्हणाले, आणि थोडं बधिर तसंच राहील कदाचित. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, झटकन उठायचं तर अजिबात नाही.

आणि काल दुपारी तुझी रेकॉर्डिंग आली. नुसती तीच, खाली एक शब्द नाही.

मी जिन्यात जाऊन ऐकली, मोबाईल कानाला लावून. आधी वाटी वाजते. लांबून, मग जवळून, तू चालत येतोस बहुतेक. मग तुझा आवाज, किती बारीक होता तुझा आवाज. “काय पाहिजे आजी? आईला बोलवू?” आणि आजी हसते. तोंडात दात नसल्यासारखी हसते. “काही नको रे भो. करमस नही. म्हनीसन वाजाडस.” करमत नाही म्हणून वाजवते. आणि मग परत वाजवते, तुला दाखवायला, गाण्यासारखी.

मी परत परत ऐकली.

म्हणजे तुला माहिती होतं. रामकुंडावर पण माहिती होतं का, की नंतर सापडलं? त्या दिवशी तिला खरंच काही हवं होतं की करमत नव्हतं, ते कोणालाच माहीत नाही. आईला नाही, तुला नाही. पण तसं पण असू शकतं, हे आईला कोणी सांगितलेलं नाही. ती उठली प्रत्येक वेळेला. प्रत्येक वेळेला पाठुंगळी घेतलं.

मी तिला ऐकवलेली नाही. वाटी ऐकली की ती उठेल, टाके ओले आहेत. आणि दुसरं म्हणजे मी ऐकवणार नाही. मी एकदा बोलले आजीच्या आवाजात. आता कधी कधी नुसतं पाणी दे म्हणायला तोंड उघडते आणि पहिला शब्द तिचा येतो. नाना दचकतात. मी गप्प राहायला लागले आहे परत. अजून एकदा आजीला आईच्या खोलीत मी नेणार नाही.

तू ये आणि तू ऐकव. हाताने उशाशी धर, आधी सांग की ही रेकॉर्डिंग आहे, आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून बस म्हणजे ती उठणार नाही. तू काय म्हणालास ते परत घे असं मी म्हणत नाही. नुसता ये. बुधवारी तिला घरी सोडणार आहेत. टेम्पोतून येऊ नको, गाडीने ये, पाठ धरेल.

मी कोणाला कधी ये म्हणाले नाही, म्हणून कसं म्हणतात ते माहीत नाही. चुकलं असेल तर सांग.

अरे आणि गंगापूर रोडला एका बंगल्यात बिबट्या शिरला होता आज सकाळी. बाथरूममध्ये जाऊन बसला. घरातल्यांनी बाहेरून कडी लावली आणि वनखात्याचे लोक येईपर्यंत आतून नळाचं पाणी वाहत होतं म्हणे, त्याचा धक्का लागून चालू झाला. पकडला, कोणाला काही झालं नाही.

वेदिका